क्रोमकॅशव्ह्यू: कॅशे पुसण्याआधी वाचून दाखवणारं साधन

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की घरात शोधाशोध सुरू होते. कुणीतरी लपवलेले फोल्डर दिसतील अशी सोय करतं, क्रोमच्या फोल्डरात शिरतं, आणि समोर एफ_०००००१, एफ_००००१ए, एफ_०००२सी४ अशा नावांच्या शेकडो-हजारो फाइली येतात. पुढे जेपीजी, पीडीएफ असं एक्स्टेन्शन नाही. डबल क्लिक केलं तर ‘कशात उघडू?’ असं विंडोजच विचारतं. काही फाइलींच्या वेळा तर अशा, की तेव्हा घरात सगळे झोपलेले होते. ‘हाई काय शे भो?’ हा प्रश्न शिरपुरात पडतो, चाळीसगावात पडतो, शहाद्यातही पडतो. उत्तर मात्र सगळीकडे एकच मिळतं: कॅशे आहे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेला माल, उडवून टाका. उडवलं की जागा होते, पण त्या फाइली कुठून आल्या होत्या ते कधीच कळत नाही, आणि आठवड्याभरात तेवढ्याच पुन्हा साठतात.

क्रोमकॅशव्ह्यू हे निर सोफर यांच्या निरसॉफ्ट या संकेतस्थळावर मिळणारं मोफत साधन नेमकं इथे उपयोगी पडतं. ते पुसण्यासाठी नाहीच, वाचण्यासाठी आहे. कॅशेतली प्रत्येक फाइल कोणत्या पत्त्यावरून आली, कोणत्या प्रकारची आहे, केवढी आहे आणि शेवटची कधी वापरली गेली, हे ते एका तक्त्यात मांडतं. आमचं मत आधीच सांगतो: घरी विंडोजचा संगणक असेल आणि या फाइलींनी जीव टांगणीला लावला असेल, तर कुठलाही क्लीनर उतरवण्याआधी हे घ्या. एकदा सगळं पुसलं, की शंका फेडणारा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

हे साधन का लागतं, ते समजायला फाइलींची रचना थोडी माहीत हवी. एखादं पान उघडलं की त्यातली चित्रं, फाँट, स्क्रिप्ट ब्राउझर स्वतःजवळ ठेवून घेतो, म्हणजे दुसऱ्यांदा ते पान उघडताना सगळं नेटवरून पुन्हा आणावं लागत नाही. विंडोजवर क्रोम आणि एज ही साठवण ठरावीक पद्धतीने करतात. ‘इंडेक्स’ नावाची फाइल म्हणजे अनुक्रमणिका. डेटा_० ते डेटा_३ या चार फाइली म्हणजे खणांची कपाटं. डेटा_१ मध्ये २५६ बाइटचे खण, डेटा_२ मध्ये १ केबीचे, डेटा_३ मध्ये ४ केबीचे. डेटा_० मध्ये कोणती नोंद कधी वापरात आली त्याचा क्रम. एका वस्तूला ओळीने फार तर चार खण मिळतात. म्हणजे १६ केबीपर्यंतचा माल कपाटात मावतो, आणि त्याहून मोठा असेल तर त्याची बाहेर वेगळी फाइल होते. तीच ही एफ_ ची फाइल. नावातला आकडा म्हणजे नुसता अनुक्रमांक, फक्त तो षोडशमान पद्धतीत लिहिलेला असतो, म्हणून ९ नंतर ए, बी, सी अशी अक्षरं येतात.

गोम इथेच आहे. एफ_ च्या फाइलीत फक्त ऐवज असतो, त्याचा पत्ता नसतो. पत्ता, प्रकार, मुदत ही सगळी माहिती कपाटांत पडलेली असते. त्यामुळे फाइल एक्सप्लोररमधून त्या फोल्डरात कितीही डोकं घातलं तरी फाइल कुठून आली ते कळणं शक्यच नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर अक्षरांचा चिखल दिसतो, कारण बरीचशी स्क्रिप्ट आणि पानं सर्व्हरकडून दाबून लहान केलेली येतात आणि तशीच ठेवली जातात. लोक त्या चिखलाला व्हायरस समजतात. पूर्वी क्रोममध्येच कॅशेची यादी दाखवणारं एक पान होतं, ते २०१८ मध्ये काढून टाकलं. फायरफॉक्समध्ये मात्र अशी यादी अजून आहे: ॲड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, कॅशे एवढं इंग्रजीत लिहिलं की ती समोर येते. त्यामुळे फायरफॉक्स वापरणाऱ्यांना वेगळं काही उतरवायची निकड नाही; तक्ता हवाच असेल तर त्याच संकेतस्थळावर एमझेडकॅशव्ह्यू आहे.

आता उतरवणं आणि चालवणं. निरसॉफ्टचं पान लांबलचक आहे आणि झिपची लिंक अगदी तळाशी आहे. वर किंवा बाजूला एखाद्या जाहिरातीत मोठं ‘डाउनलोड’ बटण दिसलं तर त्याला हात लावू नका. घोटाळा तिथेच होतो. झिप एक एमबीच्याही आतली आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चटकन उतरते. डेस्कटॉपवर फोल्डर करून त्यात झिप पूर्ण सोडवा आणि मग आतली एक्झी फाइल चालवा. झिपच्या आतूनच चालवली तर केलेल्या सेटिंग्ज टिकत नाहीत. इन्स्टॉल काही करायचं नाही. काम झालं की फोल्डर काढून टाकला, की झालं.

इथे एक अडचण येऊ शकते. अँटिव्हायरस किंवा विंडोजचा निळा फलक इशारा देतो. कारण असं की याच संकेतस्थळावर विसरलेले पासवर्ड काढून दाखवणारीही साधनं आहेत, आणि त्यांच्यामुळे अँटिव्हायरस कंपन्या इथल्या इतर साधनांकडेही संशयाने बघतात. फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घेतली असेल तर घाबरायचं कारण नाही. पेन ड्राइव्हवरून कुणी दिलेली किंवा भलत्याच संकेतस्थळावरून उतरवलेली असेल, तर मात्र तो इशारा पाळा आणि ती चालवू नका.

चालवण्यापूर्वी ब्राउझर बंद करा, आणि नुसती खिडकी बंद करून भागत नाही. क्रोममध्ये ‘क्रोम बंद झाल्यावरही बॅकग्राउंड ॲप सुरू ठेवा’ अशी सेटिंग असते, एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ असतं. ही चालू असली तर खिडकी मिटूनही ब्राउझर मागे जागाच राहतो आणि कॅशेवर त्याचा ताबा असतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर पूर्ण संपवा. मध्यरात्रीच्या वेळांचं गूढ बऱ्याच घरांत इथेच सुटतं: संगणक रात्रभर चालू, ब्राउझर मागे जागा, एखाद्या बातमीच्या किंवा खरेदीच्या साइटला सूचना पाठवायची परवानगी कधीतरी देऊन ठेवलेली. सूचना आली, तिचं चित्र उतरलं, फाइल तयार झाली. माणूस लागलाच नाही.

साधन उघडताच क्रोमचा नेहमीचा कॅशे आपोआप वाचून यादी येते. यादी रिकामी आली तर बहुतेक वेळा साधन चुकीच्या फोल्डरात बघत असतं. घरात दोघांची दोन प्रोफाइल असतील तर पहिल्याचा फोल्डर ‘डिफॉल्ट’ नावाचा आणि दुसऱ्याचा ‘प्रोफाइल १’. नेमका कोणता ते बघायला त्या प्रोफाइलमधून क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं इंग्रजीत लिहा. जे पान उघडतं त्यात ‘प्रोफाइल पाथ’ या ओळीत पूर्ण वाट असते. तिच्या आत ‘कॅशे’ आणि त्याच्या आत ‘कॅशे_डेटा’ हा फोल्डर. साधनाच्या फाइल मेनूतून कॅशे फोल्डर निवडा म्हणून तोच दाखवायचा. एजसाठी वाट तशीच, फक्त ‘गूगल’, ‘क्रोम’ यांच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘एज’. ब्रेव्हसारखे क्रोमच्याच पायावर उभे असलेले ब्राउझरही याच रीतीने वाचता येतात.

तक्त्यात रकाने भरपूर आहेत, त्यांतले पाच पुरेत: यूआरएल, कंटेंट टाइप, फाइल साइझ, लास्ट ॲक्सेस्ड आणि कॅशे नेम. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण फोल्डरात दिसलेली एफ_ ची फाइल कोणती ते तिथे लिहिलेलं असतं. ज्या फाइलीने झोप उडवली तिचं नाव तिथे शोधा आणि त्याच ओळीत तिचा पत्ता वाचा. मग लास्ट ॲक्सेस्डच्या मथळ्यावर क्लिक करून यादी वेळेप्रमाणे लावा. सुटी फाइल बघू नका, तिच्या आगेमागे मिनिटभरात काय काय उतरलं ते बघा. पान एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. रावेरच्या केळीचे भाव बघायला बातमीचं एक पान उघडलं तरी त्याच्यासोबत पन्नास-शंभर फाइली सहज उतरतात, आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक दुसऱ्याच पत्त्यांवरून आलेल्या असतात.

हे पत्ते ओळखीचे झाले की निम्मी भीती जाते. जीस्टॅटिक म्हणजे गूगलचे फाँट आणि चित्रं. गूगलटॅगमॅनेजर म्हणजे कोण आलं-गेलं याची मोजदाद करणारी स्क्रिप्ट. डबलक्लिक म्हणजे गूगलच्याच जाहिराती. वायटीआयएमजी म्हणजे यूट्यूबची छोटी चित्रं आणि गूगलव्हिडिओ म्हणजे यूट्यूबच्या व्हिडिओचे तुकडे. एफबीसीडीएन म्हणजे फेसबुकची चित्रं. क्लाउडफ्रंट आणि अकामाय ही तर भाड्याची गोदामं. त्यात कुणाचाही माल असू शकतो, म्हणून तिथे पत्त्याचा पुढचा भाग वाचावा लागतो.

ही सगळी ओळख जुळूनही दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. पहिली म्हणजे एकच फाइल दोन-तीनदा दिसणं. तोच फाँट, तोच आकार, नोंदी तीन. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८६ पासून कॅशेची वाटणी साइटप्रमाणे होऊ लागली. पूर्वी एका साइटने आणलेली फाइल दुसरीलाही चालायची, आणि त्यातून तुम्ही आधी कुठे गेला होता ते ओळखण्याच्या युक्त्या निघाल्या होत्या. आता प्रत्येक साइटचा खण वेगळा, म्हणून एकच वस्तू प्रत्येकीसाठी नव्याने उतरते. फायरफॉक्सने हेच जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या ८५ व्या आवृत्तीत केलं. जागा थोडी जास्त लागते, पण खासगीपणासाठी तो सौदा परवडणारा आहे. म्हणून ‘डुप्लिकेट फाइली शोधा’ असली साधनं कॅशेच्या फोल्डरावर चालवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे कधीच न उघडलेल्या साइटची फाइल. हिने घरात भांडणं होतात. उघडलेल्या पानाबरोबर जाहिराती दुसऱ्याच पत्त्यांवरून येतात, हे एक कारण. त्याशिवाय क्रोम अंदाज बांधून पान आधीच आणून ठेवतो. ॲड्रेस बारमध्ये दोन अक्षरं लिहिली की पुढे कुठे जाणार हे तो जुन्या सवयीवरून ओळखतो आणि एंटर दाबायच्या आत पान मागवतो. शोधाच्या निकालातल्या लिंकही कधीकधी अशाच आधी उतरतात. हे नको असेल तर सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली ‘पेज प्रीलोड करा’ हा पर्याय आहे, तो बंद करा. नेटचा पॅक बेताचा असेल तर हा पर्याय बंद ठेवणंच चांगलं.

म्हणून पालकांनी हे नीट समजून घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं: कॅशेतली नोंद म्हणजे ‘हे या संगणकावर उतरलं’ एवढाच पुरावा. ‘हे कुणीतरी बघितलं’ याचा पुरावा ती नव्हे. एखादं चित्र पानाच्या तळाशी होतं आणि तिथपर्यंत कुणी गेलंच नाही, असंही होतं. नोंद खटकली तर त्याच मिनिटाच्या बाकीच्या नोंदी बघा, मग ब्राउझरचा इतिहास त्या वेळेशी जुळवा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पोराला धारेवर धरू नका. उलट बाजूही खरी: कॅशेत काही सापडलं नाही म्हणजे काही बघितलंच नाही, असंही नव्हे. इनकॉग्निटो खिडकीचा कॅशे डिस्कवर उतरत नाही, मेमरीत राहतो आणि खिडकीबरोबर जातो. बँकेची पानं बहुतेक करून ‘नो-स्टोअर’ असा हुकूम सोबत पाठवतात, म्हणजे ब्राउझरने ती साठवूच नयेत. त्यामुळे बँकेचं पान यादीत न दिसणं हेच ठीक आहे.

आता आपल्याकडची खास भानगड. लाइट जाते, इन्व्हर्टरवर संगणक टाकलेला नसतो, आणि ब्राउझर लिहिता-लिहिता मध्येच तुटतो. पुन्हा सुरू केल्यावर क्रोमला अनुक्रमणिका आणि कपाटं यांचा मेळ लागला नाही, तर तो दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. जुना फोल्डर ‘ओल्ड_कॅशे_डेटा_०००’ अशा नावाने बाजूला सारतो, नवा कोरा फोल्डर घेतो आणि जुना मागच्या मागे पुसू लागतो. पुसणं पुरं व्हायच्या आत पुन्हा लाइट गेली किंवा संगणक बंद केला, तर ‘ओल्ड_’ चा फोल्डर तसाच पडून राहू शकतो. असे फोल्डर दिसले तर ब्राउझर पूर्ण बंद करून ते हाताने उडवा, त्यात जपण्यासारखं काही नसतं. ते वारंवार दिसू लागले तर मात्र दोन गोष्टी तपासा: छोटा यूपीएस आणि हार्डडिस्कची तब्येत. डिस्कवर खराब जागा पडू लागल्या तरी हीच लक्षणं दिसतात.

याच लाइटचा दुसरा परिणाम तारखांवर होतो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. तो संपलेला असला, की वीज गेल्यावर संगणकाचं घड्याळ मागे जातं. मग कॅशेत काही वर्षांपूर्वीच्या तारखांच्या नोंदी दिसतात आणि ‘तेव्हा तर हा संगणक घेतलाच नव्हता’ असा धक्का बसतो. सोबत साइट उघडताना प्रमाणपत्राची चूक दाखवत असेल तर निदान पक्कं समजा. सेल किरकोळ किमतीचा, संगणकाच्याच काय, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना सपाट, अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर ठेवा, आणि त्याआधी प्लग काढा. जुन्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलंच आहे तर पंख्यावरची धूळही झटका. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ती धूळ कॅशेपेक्षा जास्त त्रास देते, आणि संगणक हँग होतो म्हणून दोष मात्र कॅशेला मिळतो.

अँटिव्हायरसने कॅशेतल्या एखाद्या एफ_ फाइलीवर बोट ठेवलं तर? त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की एखाद्या पानाबरोबर घातक स्क्रिप्ट उतरली आणि पडून आहे. एक्स्टेन्शन नसलेली ती फाइल आपण होऊन चालत नाही. पण ‘क्लीन’ म्हणून मोकळं होण्याआधी तिचं नाव कागदावर टिपा आणि तक्त्यात तिचा पत्ता बघा. कॅशे पुसूनही पुन्हा त्याच पत्त्यावरून फाइल येत असेल, तर मूळ कुठेतरी जिवंत आहे: एखादं एक्स्टेन्शन (इथे अर्थ ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम), किंवा सूचनेची परवानगी दिलेली साइट. आधी एक्स्टेन्शनची यादी उघडून ओळखीचं नसेल ते काढा, मग सूचनांच्या परवानग्या साफ करा, कॅशे सगळ्यात शेवटी. यादीतल्या अनोळखी पत्त्यावर ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असं मात्र करू नका. नुसता पत्ता वाचून काम होतं.

ऐवज बघायचाच असेल तर ओळ निवडून एफ४ दाबा. साधन मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत योग्य नावाने दुसऱ्या फोल्डरात काढून देतं. आमच्या मते यातली सगळ्यात उपयोगाची सोय हीच. साधन हाताशी नसेल तर साधी युक्ती आहे: एफ_ फाइलीची प्रत डेस्कटॉपवर घ्या आणि नोटपॅडमध्ये पहिली चार-पाच अक्षरं बघा. पीएनजी किंवा जीआयएफ८ दिसलं तर त्या प्रकारचं चित्र, आरआयएफएफ आणि लगेच पुढे डब्ल्यूईबीपी दिसलं तर वेबपी चित्र, टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ दिसलं तर पीडीएफ, डब्ल्यूओएफ२ दिसलं तर फाँट. प्रतीला तसं एक्स्टेन्शन दिलं की ती उघडते. पत्ता मात्र अशाने कळत नाही.

आता मर्यादा. हे साधन आपोआप उघडतं तो फक्त मुख्य कॅशे, आणि डिस्क भरली असेल तर चोर अनेकदा दुसरीकडेच असतो. म्हणून त्याच्या जोडीला, कोणता फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारं विझट्री ठेवा. तेही घरगुती वापरासाठी मोफत आहे, पण दुकानात किंवा ऑफिसात वापरायचं तर परवाना लागतो. ते एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) डिस्कची मूळ फाइलयादी थेट वाचतं, त्यामुळे भरलेली हार्डडिस्कही फार वेळ न घेता मोजून होते; त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी द्यावी लागते. त्यात ‘साइझ’ आणि ‘ॲलोकेटेड’ असे दोन आकडे दिसतील. डिस्कवर जागा साधारणपणे ४ केबीच्या हिश्शांनी दिली जाते, म्हणून छोट्या फाइली हजारोंनी असल्या की दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होतो. जागेचा हिशेब दुसऱ्या आकड्याने करा.

विझट्रीत क्रोमच्या ‘यूजर डेटा’ फोल्डरावर गेलात की खरे पसारे दिसतात. ‘सर्व्हिस वर्कर’च्या आतलं ‘कॅशेस्टोरेज’ हा साइटने स्वतः मागून घेतलेला साठा असतो. ‘कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल’ पुसूनही तो हलत नाही, कारण तो ‘साइट डेटा’त मोडतो. कॅशे पुसला तरी फोल्डर तेवढाच का, याचं उत्तर बहुधा हेच. तो पुसायचा तर साइट सेटिंग्जमध्ये साठवलेल्या डेटाची यादी उघडून जड साइट तेवढ्या निवडून काढा. सरसकट ‘कुकी आणि साइट डेटा’ पुसलात तर त्या प्रोफाइलमधली सगळी लॉगिन जातील. ‘कोड कॅशे’ म्हणजे स्क्रिप्टची तयार केलेली रूपं. पुसली तर पुन्हा होतात. ‘ब्राउझरमेट्रिक्स’मध्ये ४ एमबीच्या पीएमए फाइली कधी थप्पीने साठतात, त्या ब्राउझर बंद करून उडवल्या तरी चालतं. ‘ऑप्टगाइडऑनडिव्हाइसमॉडेल’ नावाच्या फोल्डरात कित्येक जीबीची एकच फाइल दिसली तर ती कॅशे नव्हे. क्रोमने संगणकावरच चालवण्यासाठी उतरवलेलं जेमिनी नॅनो हे एआय मॉडेल आहे ते.

क्रोम कधी टाकलाच नाही तरी असे फोल्डर सापडतात, त्याचंही कारण आहे. विंडोजवरची बरीच ॲप्स आतून ब्राउझरच असतात. ‘ईबीवेबव्ह्यू’ नावाचा फोल्डर दिसला की समजा, कुठल्यातरी ॲपने एजचं इंजिन वापरून स्वतःचा कॅशे केला आहे. तो कुणाचा ते त्याच्या वरच्या फोल्डराच्या नावावरून कळतं.

क्लीनरांशी तुलना करणं भाग आहे, कारण लोक पहिल्यांदा तेच उतरवतात. विंडोजचं स्वतःचं स्टोरेज सेन्स बिनधोक आहे, पण ते विंडोजच्या तात्पुरत्या फाइली झाडतं, क्रोमचा कॅशे त्याच्या कक्षेत नाही. ब्लीचबिट हे मुक्त स्रोत साधन आम्हाला चांगलं वाटतं ते त्यातल्या ‘प्रीव्ह्यू’ बटणामुळे: काय जाणार ते आधी दिसतं. फक्त ब्राउझरखालच्या ‘पासवर्ड’च्या चौकटीत खूण करू नका. सीक्लीनरचं नाव घराघरांत आहे, पण ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच कुणीतरी घातक कोड घुसवला होता आणि ती २० लाखांहून जास्त संगणकांवर पोचली, ही नोंदलेली गोष्ट आहे. नंतर ते सुधारलं गेलं. तरी जे काम ब्राउझर स्वतः करतो, त्यासाठी सगळ्या संगणकाच्या चाव्या तिसऱ्याच्या हाती देणं आम्हाला पटत नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या साधनांच्या तर वाटेलाच जाऊ नका. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यांना पाठिंबा देत नाही. दुकानात संगणक नेला आणि ‘कॅशे भरलाय, फॉरमॅट मारावा लागेल’ असं ऐकू आलं तर थांबा. कॅशेसाठी फॉरमॅट कधीच लागत नाही.

पुसायचं ठरलंच तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकत्र दाबा, काळ ‘सर्व वेळ’ निवडा, फक्त ‘कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल’वर खूण ठेवा. हाताने पुसायचं असेल तर ब्राउझर बंद करून ‘कॅशे_डेटा’ फोल्डर तेवढा उडवा. त्याच्या वरच्या ‘डिफॉल्ट’ला हात लावलात तर बुकमार्क, पासवर्ड, इतिहास सगळं जाईल. एफ_ फाइली वेचून-वेचून उडवण्यातही अर्थ नाही, अनुक्रमणिका आणि माल यांचा मेळ बिघडतो. आणि पुसल्यावर पहिले दोन-चार दिवस पानं उशिरा उघडतील, डेटाही जास्त जाईल, कारण सगळं नव्याने उतरणार. गावात जिथे संगणकाला नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा पॅक, तिथे दर आठवड्याला कॅशे पुसणं म्हणजे पॅक फुकट घालवणं आहे. सातबाऱ्याचं किंवा निकालाचं पान जुनंच दिसत असेल तर सगळा कॅशे नका उडवू, त्या पानावर कंट्रोल आणि एफ५ दाबा. तेवढंच पान नव्याने येतं.

सी ड्राइव्ह १२८ जीबीची एसएसडी असेल आणि कॅशेला हद्द घालायची असेल तर क्रोमच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘टार्गेट’ या ओळीच्या शेवटी, अवतरणचिन्ह संपल्यावर एक जागा सोडून, इंग्रजीत दोन डॅश, मग डिस्क-कॅशे-साइझ, बरोबरीचं चिन्ह आणि २६२१४४००० असं लिहा. हा आकडा बाइटमध्ये असतो, म्हणजे २५० एमबी. मात्र ही हद्द त्या शॉर्टकटवरून क्रोम उघडला तरच लागू होते. व्हॉट्सॲपमधल्या लिंकवर क्लिक करून उघडला तर नाही. लागू झाली की नाही ते मघाच्याच व्हर्जनच्या पानावर ‘कमांड लाइन’ या ओळीत बघा.